चौसष्ट वाद्यांची हजेरी

बायको जाऊन अकरा महिने झाले होते, आणि त्या सकाळी दाढी करताना हेडक्लार्कांच्या लक्षात आलं की तिच्या गाण्याचा शेवट आपल्याला आठवत नाही. सत्तावीस सूर अगदी नीट आठवले. पुढे काहीतरी होतं, नक्की होतं, पण तिथे पोचलं की डोकं कोरं. पुन्हा पहिल्यापासून गुणगुणून पाहिलं, पुन्हा सत्ताविसाव्या सुरावर गाडी अडली. गालावरचा साबण वाळून गेला तरी ते आरशासमोर उभेच होते.

हेडक्लार्क आता निवृत्त झाले होते, पण नोकरी सुटली तरी नाव सुटत नाही. चौतीस वर्षं आस्थापना विभागात काढलेली. कोण किती वाजता आलं, कुणाची रजा शिल्लक आहे, कुणाकडे किती काम, ऑफिसातल्या दोनशे माणसांची बारीकसारीक नोंद त्यांच्यापाशी असायची. घरातल्या एका माणसाची तेवढी राहून गेली. बायकोचा आवाज कुठे टेप केलेला नव्हता. फोटोंत बघावं तर ती दर वेळी कुणाच्या तरी मागे. मागे उरलं होतं ते हे एक गाणं, तेही शब्दांवाचून, तोंड मिटून गुणगुणलेलं. भांडी विसळताना, कपड्यांच्या घड्या करताना ती ते गुणगुणायची.

कुणी भेटायला आलं की हेडक्लार्क हमखास सांगत, "ती सुखात होती हो माझ्याकडे. दिवसभर गुणगुणायची. दुःखी बाई कधी गुणगुणते का?" लोक मान डोलवायचे, दुसरं करणार काय. पण हेडक्लार्कांपाशी तेवढा एकच पुरावा होता, आणि आता त्यातलंच शेवटचं पान गहाळ झालं होतं.

त्यांनी मेहुणीला फोन लावला.

"भाऊजी, ताई आणि गाणं? काहीतरीच," मेहुणी म्हणाली. "लग्नाआधी तिच्या तोंडून कधी सूर निघाला नाही. शाळेत प्रार्थनेलासुद्धा नुसते ओठ हलवायची."

"म्हणजे लग्नानंतर गायला लागली," हेडक्लार्क म्हणाले.

"असेल बाई," मेहुणी म्हणाली, आणि गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून तिने फोन ठेवला. हेडक्लार्कांना तेवढ्या दुःखातही जरा बरं वाटलं. गाण्याचा शेवट मात्र मिळाला नाही.

पुढच्या महिन्यात वर्ष पूर्ण होणार होतं. त्या दिवशी चार माणसं घरी येतील, तेव्हा ते गाणं सगळ्यांना ऐकवायचं, असं त्यांनी मनाशी घेतलं. ऐकवायचं तेही साधंसुधं नाही, ऑर्केस्ट्रावर. याला एक कारण होतं. चाळीस वर्षांच्या संसारात हेडक्लार्कांनी बायकोला एकदाच कार्यक्रमाला नेलं होतं, ऑफिसात फुकट पास वाटले होते म्हणून. भलामोठा ऑर्केस्ट्रा, साठ-सत्तर वादक, सगळे काळ्या कोटात. बायको दोन तास ताठ बसून होती. घरी येताना म्हणाली, "एवढी माणसं एका जागी आणि कुणी एक शब्द बोललं नाही. किती बरं वाटलं." हेडक्लार्कांनी याचा अर्थ असा घेतला की तिला ऑर्केस्ट्रा फार आवडतो.

जावई कॉम्प्युटरच्या कामातला. त्याने रविवारी येऊन घरबसल्या ऑर्केस्ट्रा वाजवायचा प्रोग्राम घालून दिला, पेटीसारख्या पट्ट्यांचा एक वीतभर कीबोर्ड आणि माइक जोडला आणि समजावलं, "बाबा, सुरुवातीला चारच वाद्यं घ्या. व्हायोलिन, चेलो, बासरी, एखादा क्लॅरिनेट. चाल एकाला द्या, बाकीच्यांनी मागे धरून ठेवायचं."

"म्हणजे बाकीचे बसून राहणार."

"बसून नाही हो, साथ करणार."

"जावईबापू, साथ करणारे किती काम करतात ते मी चौतीस वर्षं पाहिलंय," असं म्हणून हेडक्लार्कांनी त्याला ऑफिसातल्या तीन साथीदारांची हकीकत सविस्तर सांगितली. जावयाने वाद घातला नाही. तो या घरात अकरा वर्षं येत होता.

पहिला आठवडा फार वाईट गेला. पट्टी दाबावी तर सूर क्षणभराने यायचा, तेवढ्यात सूर आला नाही म्हणून हेडक्लार्क ती पुन्हा दाबायचे, आणि मग दोन सूर एकापाठोपाठ दारात उभे राहायचे. प्रोग्रामात ठेका दाखवणारी एक टकटक होती, ती बंद कुठून करायची ते सापडेना. चार दिवस ती जेवतानाही डोक्यात चालू राहिली. पण गप्प घरात काहीतरी चालू आहे याचंच त्यांना बरं वाटत होतं. अकरा महिन्यांत ते घर इतकं शांत झालं होतं की फ्रिज सुरू झाला तरी ते मान वर करून बघायचे. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ते कॉम्प्युटरशी बोलू लागले. त्याला आपण काय करतोय, का करतोय, आधी काय केलं होतं, सगळं सांगायचे.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी वाद्यांची यादी उघडली. चौसष्ट नावं. खाली खाली सरकवत नेताना हेडक्लार्कांना कित्येक दिवसांनी आपण आपल्या खुर्चीत बसलोय असं वाटलं. मग नीट वाचल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. कसली ही वाटणी. व्हायोलिनवाल्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत राबायचं, ट्युबा नावाच्या भल्यामोठ्या पितळी कर्ण्याने मध्येच दोनदा हुंकार द्यायचा, आणि ट्रँगल नावाचा इसम तासाभरात एकदा टिंग करून घरी जाणार. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हेडक्लार्कांवर पक्षपाताचा ठपका आला होता. तो खोटा होता, पण त्यांनी तो इतका मनाला लावून घेतला की पुढची तेहतीस वर्षं कामाची वाटणी काट्यावर तोलून केली. आता हे चौसष्ट जण कॉम्प्युटरमधले आवाज आहेत, त्यांना घर नाही, संसार नाही, तक्रार करायला तोंड नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यांनी कोरी वही घेतली, उभ्याआडव्या रेघा मारल्या आणि चौसष्ट वाद्यांचं मस्टर तयार केलं.

वाटणी पाळीने ठरली. पहिला सूर व्हायोलिनला, दुसरा ट्युबाला, तिसरा बासरीला, चौथा मोठ्या ढोलाला, असं यादीप्रमाणे. ढोलाला सूर नसतो हा त्याचा दोष नव्हे, पाळी आली की त्याने धम्म करावं. पण सत्तावीस सुरांत सत्तावीसच जण लागले. उरलेले सदतीस काय तोंड बघत बसणार? मग चाल दुसऱ्यांदा अठ्ठाविसाव्या गड्यापासून सुरू. तरी हिशेब जुळेना. शेवटी कागदावर आकडेमोड करून त्यांनी छडा लावला. चाल चौसष्ट वेळा वाजवली की प्रत्येकाला बरोब्बर सत्तावीस सूर येतात, आणि प्रत्येकाला प्रत्येक सूर एकदाच. तक्रारीला जागाच नाही. वेळ लागणार होता एकवीस मिनिटं. सतराशे अठ्ठावीस सूर एका बोटाने भरायला हेडक्लार्क बसले.

इथे शेजारच्या दंतवैद्यांचा संबंध येतो. त्यांचा दवाखाना आणि हेडक्लार्कांची ही खोली यांच्यामध्ये एकच भिंत, तीही नुसती म्हणायला विटेची. तिसऱ्या दिवशी सकाळी दंतवैद्य हातमोजे घालूनच दारात आले.

"काका, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का?"

"नाही. ट्युबा आहे."

"कोण?"

हेडक्लार्कांनी त्यांना आत नेऊन ट्युबा ऐकवला. दंतवैद्यांनी डोळे मिटले. "काका, माझ्या बाकावर पाच माणसं बसलीयेत. त्यांना वाटतंय, आत मी कुणाची तरी दाढ काढतोय. आणि खुर्चीत जो बसला होता, तो तर गळ्यातल्या फडक्यासकट जिना उतरून गेला. त्याला वाटलं, आधीचा पेशंट अजून शुद्धीवर येतोय."

हेडक्लार्क ओशाळले. त्यांनी त्याच दिवशी हेडफोन आणले आणि कानाला लावून कामाला बसले. आता बाहेर काडीचा आवाज जाणार नाही, अशी त्यांची समजूत. प्रत्येक सूर भरण्याआधी तो चुकू नये म्हणून ते स्वतः गाऊन बघायचे, आणि कान बंद असल्यामुळे आपण किती मोठ्याने गातोय हे त्यांना कळायचं नाही. संध्याकाळी दंतवैद्य पुन्हा आले. या वेळी त्यांचा आवाज खाली गेला होता.

"काका, ट्युबा बरा होता."

शेवटी तोडगा दंतवैद्यांनीच काढला. दवाखाना दुपारी एक ते तीन बंद असे. त्यांनी आपल्या भेटीच्या वहीत रोज एक ते तीन हेडक्लार्कांचं नाव घातलं. वहीत नोंद झाली म्हटल्यावर हेडक्लार्कांनी त्यापुढे एक मिनिट जास्त वाजवलं नाही. एक-दोनदा तर दंतवैद्य आपला डबा घेऊन ऐकायलाही येऊन बसले. माणूस भला होता.

"ही काकूंची चाल ना?" एकदा ते घास थांबवून म्हणाले. "भिंतीतून यायची. पण नुसती नाही, कशाततरी मिसळून यायची."

"रेडिओ असेल," हेडक्लार्क म्हणाले. "शेवट आठवतो का तुम्हाला?"

"नाही हो. माझं मशीन चालू असायचं."

महिना संपत आला तशी एक नवीच भीती हेडक्लार्कांच्या मानगुटीवर बसली. एकच चाल हजारदा वाजवून वाजवून ती झिजली होती. आता ती कानात आली की बायको डोळ्यांपुढे येईना, मस्टर येई. सतराशे सूर भरून झाल्यावर एका दुपारी ते पट्टीवर बोट ठेवून नुसतेच बसून राहिले. उरली होती तेवढी आठवण आपणच घासून घालवली की काय, या विचाराने त्यांना रडू आलं. मग तीन वाजायला दहा मिनिटं कमी आहेत हे पाहून त्यांनी उरलेले अठ्ठावीस सूर भरून टाकले.

वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी दुपारी मुलगी आणि जावई आले, मेहुणी आली, दंतवैद्य दवाखाना बंद ठेवून आले. टेबलावर बायकोचा फोटो होता, एका जुन्या फोटोतून पुढच्या माणसाला कापून काढलेला. हेडक्लार्क उठून उभे राहिले आणि त्यांनी प्रास्ताविक केलं. कल्पना कशी सुचली, पाळी कशी लावली, ढोलाच्या बाबतीत काय अडचण आली, हे सगळं व्हायला वीस मिनिटं गेली. मग त्यांनी बटण दाबलं.

व्हायोलिनने गोड सुरुवात केली, लगेच ट्युबाने ढेकर दिला, बासरी किंचाळली, ढोल धम्म झाला. जिन्यावरून भांड्यांची चळत गडगडत यावी तसं ते गाणं खाली आलं आणि सत्ताविसाव्या सुरावर पोचून गप्प झालं. सगळ्यांनी श्वास सोडला. तेवढ्यात ते पुन्हा सुरू झालं. चौथ्या फेरीला जावयाने घड्याळात पाहिलं. नवव्या फेरीला मेहुणीने पदर डोळ्यांना लावला, आणि तो तिथेच ठेवला. दंतवैद्य तेवढे शांत होते. समोरचा माणूस सोसतोय आणि आपण चेहरा बदलायचा नाही, हे त्यांचं रोजचंच काम होतं. मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

एकवीस मिनिटांनी ते थांबलं. मग मेहुणी हळूच म्हणाली, "ताईला इतका त्रास होत होता का हो?"

हेडक्लार्क मुलीजवळ गेले. "रडू नकोस. मला तिचा शेवट नाही मिळाला, पण जेवढं होतं तेवढं केलं."

मुलगी वळली. डोळे ओले होते, पण ती रडत नव्हती. निदान नुसती रडत नव्हती. "बाबा, आई हे कधी गुणगुणायची ते तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"दिवसभर."

"दिवसभर नाही. तुम्ही घरात नसताना कधीच नाही. तुम्ही ऑफिसातून येऊन बोलायला लागलात की सुरू करायची."

"आनंदाने."

"बाबा, तुमचं ऐकू येऊ नये म्हणून."

दंतवैद्य पटकन "अच्छा, तो दुसरा आवाज" एवढं बोलले आणि मग चहाच्या कपात बघू लागले. जावई तर मघापासूनच आपल्या कपात बघत होता. ही गोष्ट हेडक्लार्क सोडून सगळ्यांना कळण्यासारखी होती, असं त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. हेडक्लार्क खाली बसले. चाळीस वर्षं. रोज संध्याकाळी दोन तास, सुट्टीच्या दिवशी दिवसभर. आपण ज्याला त्याला सांगत सुटलो, ती सुखात होती, ती गुणगुणायची. त्यांनी फोटोकडे पाहायचं टाळलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं.

पाहुणे फार वेळ थांबले नाहीत. जावई मेहुणीला सोडायला गेला. मुलगी स्वयंपाकघरात कप विसळायला लागली, आणि हेडक्लार्क पुसायला फडकं घेऊन तिच्या शेजारी उभे राहिले.

"म्हणजे तिला माझा कंटाळा होता," हेडक्लार्क म्हणाले.

मुलीने कप पालथा घातला. "मला ती दिवसातून दहादा म्हणायची, गप्प बस गं जरा. मावशीला तोंडावर सांगायची, पुरे कर. तुम्हाला कधी म्हणाली?"

हेडक्लार्कांनी आठवून पाहिलं. "नाही."

"मी एकदा विचारलं होतं तिला, बाबांना का नाही सांगत गप्प बसा म्हणून. तर म्हणाली, दिवसभर ऑफिसात त्यांचं कोण ऐकतं? बोलू दे. माझं काय, मी माझी गुणगुणते."

हेडक्लार्कांनी तोच कप दुसऱ्यांदा पुसला. काय बोलावं ते कळेना, म्हणून ते त्यांना जे येत होतं ते बोलू लागले. ऑफिसात खरंच कुणी ऐकत नसे. सुरुवातीला एक वरिष्ठ होते, ते ऐकायचे, पण त्यांची बदली झाली. ती बदली खरं म्हणजे नियमाला धरून नव्हती, कारण त्यांची तीन वर्षं पुरी व्हायला अजून पाच महिने बाकी होते, आणि त्या वेळच्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं की... इथे हेडक्लार्क अडखळले. शेजारी मुलगी बशी विसळत होती, आणि तोंड मिटून गुणगुणत होती.

तीच चाल. ते थांबले तशी तीही थांबली.

"काय झालं, बाबा?"

तिला पत्ताच नव्हता. हेडक्लार्क काही बोलणार होते, मग त्यांनी स्वतःला आवरलं. "काही नाही. तर परिपत्रकात म्हटलं होतं," ते सावकाश म्हणाले, "की तीन वर्षं पूर्ण झाल्याखेरीज बदली करायची झाल्यास सक्षम अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागते."

मुलीने दुसरी बशी घेतली आणि पहिल्यापासून सुरू केलं. हेडक्लार्क परिपत्रकाचं पहिलं कलम सांगत होते, आणि फडक्याखाली बोटांवर सूर मोजत होते. वीस. पंचवीस. सत्ताविसाव्या सुरालाही त्यांनी बोलणं सोडलं नाही, कलम दोन सुरू केलं. अठ्ठाविसावा सूर वर गेला. एकोणतिसावा तिथेच रेंगाळला. मग चार सूर एकेक पायरी खाली उतरले आणि चाल जिथून निघाली होती तिथे येऊन टेकली. एवढंच होतं. चाळीस वर्षं ते त्यांच्या बोलण्याच्या खाली रोज वाजलं होतं.

मुलीने नळ बारीक केला आणि चाल पुन्हा धरली. हेडक्लार्कांची कलमं संपली होती, परिपत्रक संपलं होतं, सांगण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. त्यांनी एक ओला कप उचलला, आवाज अगदी हळू केला, आणि बदलीला पात्र कर्मचाऱ्यांची नावं एकेक करून घ्यायला सुरुवात केली.